सहावा नंबर

सध्या आमच्या क्षेत्रात 'मेंटल टफनेस'ची साथ आली आहे. कुणी पहाटे पाचला उठतंय, कुणी बर्फाच्या पाण्यात बसतंय, कुणी पंच्याहत्तर दिवसांचं चॅलेंज घेतलंय आणि रोजचा घामाघूम फोटो टीमच्या ग्रुपवर टाकतंय. त्यात वाईट काही नाही. (साधारण विसाव्या दिवशी फोटो यायचे बंद होतात, तेव्हा कुणी काही विचारायचं नाही एवढा शिष्टाचार आम्ही पाळतो.) पण या विषयावरचं कुठलंही व्याख्यान ऐका, उदाहरणं ठरलेली. अमेरिकन नौदलाचे कमांडो, कुठला तरी अब्जाधीश, झालंच तर एखादा जपानी भिक्षू. आपल्या सातारा-सांगलीकडची माणसं आलीच तर शेवटच्या स्लाईडवर, एका ओळीत, फोटोसकट.

तर मंडळी, या वीकेंडला त्या एका ओळीच्या आत काय आहे ते जरा उलगडून बघू. माणसं दोन. एक गोळेश्वरचे खाशाबा जाधव, दुसरे पेठचे मुरलीकांत पेटकर. गोळेश्वर कराडला अगदी खेटून. पेठ वाळवा तालुक्यात; कराडहून कोल्हापूरच्या दिशेने महामार्गाला लागलं की फार वेळ लागत नाही. आज एक गाव सातारा जिल्ह्यात आणि दुसरं सांगलीत, पण दोघे जन्मले तेव्हा जिल्हा एकच होता. १९४९ मध्ये जुन्या साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे भारताला स्वतंत्र झाल्यावर मिळालेलं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणि पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक, दोन्ही जुन्या सातारा जिल्ह्यातलीच! योगायोग असेलही. पण मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी खाशाबा. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पोरगं चालायला लागलं तसं तालमीत गेलं म्हटलं तरी चालेल. पाच भावांत सगळ्यात धाकटं. अंगापिंडाने मोठं नव्हतं, पुढेही झालं नाही. उंची जेमतेम साडेपाच फूट. कुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जो अगडबंब देह येतो त्याचा इथे काही संबंध नाही. लोक चेष्टेने बघायचे आणि काही मिनिटांत समोरचा गडी पाठीवर असायचा.

ज्यांनी तालीम बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण इथे विषय खरा सुरू होतो. लाल माती चाळून, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू वगैरे घालून हौदा तयार केलेला असतो. पहाटे उठायचं, आधी हौद्यातली माती फावड्याने खणून उलथायची. हाच निम्मा व्यायाम. मग जोर, बैठका, सपाट्या. मग जोडीदाराबरोबर लढत. संध्याकाळी पुन्हा तेच. मोठ्या पैलवानाचं अंग रगडायचं, तालीम झाडायची, वस्तादाने सांगितलं की गप गुमान ऐकायचं. यात 'चॅलेंज' नावाचा प्रकार नाही. आज किती दिवस झाले याची मोजणी नाही. पंच्याहत्तरावा दिवस नाही, कारण शेवटचा दिवसच नाही. आणि मुख्य म्हणजे एकटं काही नाही. एखाद्या पहाटे तुम्ही आला नाहीत तर दहा जणांना कळतं, आणि दुपारपर्यंत ते तुमच्या घरी पोचतं. आज ज्याला आपण सेल्फ-डिसिप्लिन म्हणतो, त्यातला 'सेल्फ' इथे बराच उशिरा येतो. आधी बारा-पंधरा वर्षं शिस्त बाहेरून लावली जाते, ती अंगात मुरते, आणि मग कधीतरी ती आपली स्वतःची होते.

खाशाबा १९४० पासून कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये. म्हणजे १९४२ साली वय सोळा, गाव कराड, जिल्हा सातारा. आता या तीन गोष्टी एकत्र आल्यावर पोरगं नुसतं कुस्ती खेळत बसणार नव्हतं. ऑगस्टपासून तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. सप्टेंबरमध्ये वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्च्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, कुंडलला तुफान सेनेच्या पोरांना कवायत शिकवली जाऊ लागली, जून १९४३ मध्ये कराडजवळ शेणोलीला रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम लुटली गेली. गावोगावी भूमिगतांना आसरा देणं, निरोप पोचवणं, ताटातली भाकरी त्यांच्यासाठी बाजूला काढणं हे लोक करत होते. खाशाबांच्या घरानेही भूमिगतांना आसरा दिला.

मला यात रस आहे तो एवढ्यासाठी की कणखरपणा हा त्या भागात त्या काळी कुणा एकाचा छंद नव्हता. हवेतच होता तो. जिल्हाच्या जिल्हा तीन-चार वर्षं पोलिसांच्या धाडी सोसत होता आणि तरी तोंड उघडत नव्हता. अशा ठिकाणी वाढलेल्या पोराला लंडनला जायचं म्हणजे काय वाटलं असेल याचा विचार करा. ज्या राजधानीतून आपल्यावर राज्य चालत होतं, तिथेच स्वातंत्र्यानंतर वर्षभरात जाऊन, आपला झेंडा छातीवर लावून खेळायचं!

तर १९४८, लंडन ऑलिंपिक. खाशाबा तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात होते आणि खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून तिथे उभं. पण लंडनला माती नव्हती. मॅट होतं. आणि खाशाबांनी मॅटवर कुस्ती धड कधी खेळलेलीच नव्हती.

आता हा फरक नीट समजून घ्या, कारण बाहेरच्या माणसाला तो किरकोळ वाटतो. मातीत पाय रुततो, पकड घसरते, अंगाला माती लावून घाम सुकवता येतो. कुस्ती चितपट होईपर्यंत चालते, एक तास लागो नाहीतर दोन. मॅटवर पाय रुतत नाही, सगळं वेगाने होतं, वेळ ठरलेली आणि गुण ठरलेले. मातीतला पैलवान समोरच्याला दमवायला शिकलेला असतो. मॅटवर तुम्ही दमवत बसलात तर तोवर तो गुणांवर जिंकून मोकळा होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड तेच, पण प्लॅटफॉर्म बदलला. आणि बदलला तो थेट प्रॉडक्शनमध्ये, टेस्टिंगला वेळच नाही.

रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी प्रशिक्षकाने तिथे खाशाबांना जे शिकवता आलं ते शिकवलं. पहिल्या कुस्त्या खाशाबांनी मारल्या, ऑस्ट्रेलियाचा गडी तर काही मिनिटांत गेला. मग इराणच्या मल्लाने अडवलं. ५२ किलो वजनी गटात, नव्याच जमिनीवर, खाशाबा सहावे आले.

सहावा नंबर! आजवर या सहाव्या नंबरावर कुणी व्याख्यान दिलेलं माझ्या ऐकण्यात नाही. सगळे १९५२ च्या पदकाकडे उडी मारतात. मला मात्र वाटतं की खाशाबांचं खरं काम या सहाव्या नंबरानंतरच्या चार वर्षांत आहे. कारण सहावा नंबर ही फार फसवी जागा असते. पहिल्याच फेरीत बाहेर गेलात तर माणूस सरळ घरी येऊन दुसरं काहीतरी करतो. तिसरे आलात तर गळ्यात पदक असतं. सहावे आलात तर लोक 'वा वा, छान' म्हणतात, सत्कार करतात, आणि तुम्हाला आयुष्यभर 'मी ऑलिंपिकला सहावा होतो' हे सांगत जगता येतं. खाशाबांना ते सहज जमलं असतं. त्यांनी ते केलं नाही.

केलं काय? परत येऊन वजनाचा गट बदलला, ५२ वरून ५७ किलोवर गेले. म्हणजे अंगात बळ भरलं आणि वरच्या गटातली जास्त ताकदीची माणसं अंगावर घेतली. मॅटच्या कुस्तीचा सराव धरला. मातीतले डाव टाकून दिले नाहीत; ढाक हा त्यांचा हातखंडा डाव, तो त्यांनी मॅटवर नेला. रोज हजारभर बैठका आणि दोन-तीनशे जोर एका दमात मारायचे असं त्यांच्याबद्दल सांगतात. आकडा ऐकून आपण थक्क होतो, पण मला त्या आकड्यापेक्षा गट बदलण्याचा निर्णय मोठा वाटतो. बैठका काय, सगळेच पैलवान मारायचे. आपण नक्की कुठे कमी पडलो हे शांतपणे बघून, त्यावर चार वर्षांचा उतारा काढणं, तेही व्हिडिओ नाही, आकडेवारी नाही, परदेशी कोच नाही अशा स्थितीत... हे दुर्मिळ आहे.

आणि मग १९५२ उजाडलं आणि एक वेगळीच कुस्ती सुरू झाली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला एक गुण मुद्दाम कमी दिला गेला असं खाशाबांचं म्हणणं होतं, त्यामुळे हेलसिंकीचं दार बंद. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज खेळाचे शौकीन, त्यांनी चाचणी लढतीत संधी द्यायला लावली, आणि खाशाबांनी समोरच्याला पाडून जागा मिळवली.

जागा मिळाली, पैसे कुठे होते? या वेळी कोल्हापूर संस्थान राहिलेलं नव्हतं. खाशाबा आणि त्यांचे घरचे, गावचे लोक वर्गणी मागत फिरले. कुणी रोख दिली, कुणी जमेल ते दिलं. तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! प्राचार्याने विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणं ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा जरा थांबतो. पदक खाशाबांचं हे खरंच, पण त्यात हरण्याची जोखीम घेतलेला एक माणूस फिनलंडला गेलाच नव्हता.

हेलसिंकीला ५७ किलो गटात अनेक देशांचे मल्ल होते. स्पर्धेची पद्धत आजच्यासारखी सरळ बाद फेरीची नव्हती. दंडाचे गुण असायचे. समोरच्याला चीत केलंत तर पाटी कोरी. नुसतं गुणांवर जिंकलात तरी थोडा दंड. हरलात तर जास्त. ठरावीक दंड साचला की बाहेर. ही पद्धत मातीच्या पैलवानाच्या फायद्याची, कारण त्याला चीत करायचीच सवय. खाशाबांनी कॅनडाचा पोलिकॅं चीत केला, मेक्सिकोचा बासुर्तो चीत केला, जर्मनीच्या मल्लाला हरवलं. शेवटच्या टप्प्यात तिघे उरले. जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेयोव आणि आपला गोळेश्वरचा गडी.

तेव्हा कुस्ती पंधरा मिनिटांची असे. इशीबरोबरची लढत लांबली आणि खाशाबा हरले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांना लगेच मामेदबेयोवसमोर उभं केलं गेलं आणि तिथे भांडायला आपल्या पथकाचा एकही अधिकारी हजर नव्हता, असं ही हकिकत सांगणारे सगळेच सांगतात. दमलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२.

(जाता जाता: त्याच ऑलिंपिकमध्ये ६२ किलो गटात कोल्हापूरकडचे केशव माणगावे चौथे आले. चौथे! त्यांचं नाव तर शेवटच्या स्लाईडवरही नसतं.)

आता इथे मला जरा स्पष्ट बोलायचंय. कणखरपणावरची व्याख्यानं या प्रसंगाचं काय करतात? 'बघा, इतकी संकटं आली तरी त्यांनी पदक आणलं' असं म्हणून टाळ्या घेतात. म्हणजे अधिकारी गैरहजर राहिला, पैसे नव्हते, निवडीत घोळ झाला, ही सगळी जणू नायकाच्या गोष्टीतली सोय. डोंगर नसेल तर चढणार काय? पण डोंगर निसर्गाने केलेला असतो. अर्ध्या तासाची विश्रांती मागायला माणूस नसणं हे निसर्गाने केलेलं नव्हतं. कणखरपणा काही अमर्याद नसतो. माणसाकडे तो मोजका असतो, आणि खाशाबांचा त्यातला किती भाग वर्गणी गोळा करण्यात आणि निवडीसाठी दारं ठोठावण्यात खर्च झाला असेल? तो सगळा मॅटवर खर्च करता आला असता तर पदकाचा रंग कोणता असता हे सांगता येत नाही. पण प्रश्न विचारायला काय हरकत आहे? आमच्याकडे रात्री तीनला सर्व्हर पडतो आणि एक पोरगा जागून तो उभा करतो. दुसऱ्या दिवशी त्याचं कौतुक होतं, बक्षीस मिळतं. सर्व्हर दर महिन्याला का पडतो, ही मीटिंग मात्र होत नाही. असो.

खाशाबा परत आले. सरकारदरबारी हॉकीच्या सुवर्णपदकाचं कौतुक होतं, ते साहजिकच. कुस्तीच्या कांस्याची फारशी दखल नव्हती. दखल घेतली ती कराडने. स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ढोल-ताशे, फटाके, आणि एरवी पंधरा मिनिटांची वाट संपायला सात तास लागले असं सांगतात. मला ही मिरवणूक फार आवडते. बैल सजवणारा प्रत्येक माणूस त्या वर्गणीतला भागधारक होता ना!

आणि मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिलं काम काय केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. ऑलिंपिक पदकविजेता कर्ज फेडण्यासाठी मातीत उतरतो. सेल्फ-डिसिप्लिनची व्याख्या कुणी मला विचारली तर मी हेलसिंकी सांगणार नाही, हे सांगेन. पदक मिळाल्यावर सगळं जग तुम्हाला 'आता आराम करा' म्हणत असतं. उलट देणेकऱ्याने तगादाही लावलेला नसताना देणं फेडायला उठणं, याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

पुढचं थोडक्यात, कारण पुढचं फार सुखाचं नाही. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले, सत्तावीस वर्षं नोकरी केली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि मग पेन्शनसाठी झगडत बसले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी कराडजवळ अपघातात गेले. त्यांच्यानंतर भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसच्या रूपाने. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं! अर्जुन पुरस्कार खाशाबांना मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. गोळेश्वरला कुस्ती संकुल बांधण्याची घोषणा झाली, ते इतकं रेंगाळलं की २०१७ मध्ये घरच्यांनी पदक लिलावात काढू असं जाहीर केलं. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडा दिन आहे.

आता पेठकडे वळू.

मुरलीकांत पेटकर, जन्म १ नोव्हेंबर १९४४. 'चंदू चॅम्पियन' हा २०२४ चा सिनेमा ज्यांनी बघितला त्यांना गोष्ट माहीत असेल. त्यात लहानगा मुरली कराड स्टेशनवर खाशाबांचं स्वागत बघतो आणि तिथून त्याच्या डोक्यात पदक बसतं असं दाखवलंय. सिनेमा तो सिनेमा, पण त्या भागातल्या त्या पिढीच्या पोरांना खाशाबा हे नाव माहीत नसणं शक्यच नव्हतं. मी वर योगायोग नाही म्हणालो ते म्हणूनच. ऑलिंपिक म्हणजे काय हे ज्या मुलखाला बैलगाडीतून दिसलं होतं, तिथलंच हे पुढचं पोरगं.

पेटकर लहानपणीच सैन्यात बॉईज म्हणून गेले आणि ईएमई कोअरमध्ये जवान झाले. तिथे बॉक्सिंगमध्ये नाव काढलं. मग १९६५ चं युद्ध. त्यात त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या, त्यातली एक मणक्यात कायमची राहिली. कमरेखालचं शरीर निकामी झालं. काही काळ स्मृतीही गेली होती. वय, वर्षं वीस. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या इस्पितळात उपचार सुरू झाले, आणि तिथे व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं.

पाणीच का, हे सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये स्टोक मँडेविल इस्पितळात लुडविग गुटमान नावाचे डॉक्टर होते, हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेले ज्यू. तोवर मणक्याला इजा झालेल्या सैनिकाला पलंगावर ठेवून मरणाची वाट बघायची अशीच पद्धत होती. गुटमान यांनी त्यांना पलंगावरून उठवलं, खेळायला लावलं. लंडन ऑलिंपिक ज्या दिवशी सुरू झालं, २९ जुलै १९४८, त्याच दिवशी त्यांनी इस्पितळाच्या आवारात व्हीलचेअरवरच्या माजी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. तीच पुढे पॅरालिंपिक झाली. म्हणजे खाशाबा ज्या उन्हाळ्यात लंडनला सहावे येत होते, त्याच उन्हाळ्यात तिथून फार लांब नसलेल्या एका इस्पितळाच्या हिरवळीवर पेटकरांच्या पदकाची सोय होत होती. इतिहास वाचताना असं काही सापडलं की पैसे वसूल!

पाण्यात शरीराचं वजन पाणी पेलतं. पाय चालत नसले तरी खांदे आणि हात माणसाला पुढे नेतात, आणि जमिनीवर जो दुसऱ्याच्या मदतीशिवाय हलू शकत नाही तो पाण्यात स्वतःचा स्वतः जातो. बॉक्सरचे खांदे होतेच. पेटकर १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकला गेले ते मात्र टेबल टेनिस खेळायला. पहिली फेरी जिंकले, पुढे थांबले. हा त्यांचा सहावा नंबर म्हणा हवं तर. १९७० मध्ये एडिनबराच्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य, गोळाफेकीत कांस्य. आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग.

पैशाची अडचण इथेही होतीच. खाशाबांना प्राचार्य भेटले तसे पेटकरांना क्रिकेटपटू विजय मर्चंट भेटले. त्यांच्या संस्थेने प्रवासाची सोय केली. त्या वर्षीचं ऑलिंपिक म्युनिकला होतं, पण तिथलं खेळाडूंचं निवासस्थान पॅरालिंपिकला उपलब्ध नव्हतं म्हणून हायडेलबर्गला स्पर्धा झाल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला, ऑलिंपिकच्याही आधी. ५० मीटर फ्रीस्टाईलमध्ये पेटकरांनी ३७.३३ सेकंदांची वेळ दिली. विश्वविक्रम आणि सुवर्ण. शिवाय भालाफेक आणि स्लालम या दोन्ही प्रकारांतही ते अंतिम फेरीत पोचले होते.

मग? मग पुण्यात टेल्कोत नोकरी केली, संसार केला. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री २०१८ मध्ये. अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी.

दोघांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की मला एक गोष्ट दिसते. दोघांपैकी कुणीही अडचण 'निवडली' नव्हती. आपण चॅलेंज घेतो तेव्हा आपल्याला माहीत असतं की हे मी कधीही सोडू शकतो. थंड पाण्यातून बाहेर यायला टॉवेल शेजारीच ठेवलेला असतो. त्याचाही उपयोग होतो, नाही असं नाही. तालमीतला हौदा म्हणजे तरी दुसरं काय, मुद्दाम तयार केलेली अडचणच. पण हौद्यातली अडचण ही खऱ्या लढतीची तालीम असते, तिची बढाई कुणी मारत नाही. पेटकरांच्या बॉक्सिंगचं तसंच झालं. बॉक्सिंग गेलं, पण रोज उठून तेच तेच करण्याची सवय शिल्लक होती, आणि ती पाण्यात कामाला आली. पोहायचं म्हणून त्यांनी ती लावून घेतलेली नव्हती.

हा वारसा बंद पडलेला नाही. माण तालुक्यातल्या मोही या दुष्काळी गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरची अंतिम फेरी गाठणारी ती पहिलीच भारतीय स्त्री. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी तर आमच्याच जातकुळीतले, म्हणजे इंजिनिअर! शाळेत असताना सायकलवरून पडून हाताला मार लागला, गँगरीन झालं, हात कायमचा अधू झाला. आधी भालाफेक, खांदा दुखावल्यावर गोळाफेक. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवत शिकवत सराव. ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्य. पदक मिळालं तेव्हा वय चौतीस. ज्या वयात आम्ही 'आता पाठ दुखते राव' म्हणून खुर्ची बदलून मागतो, ते वय.

आमच्या ऑफिसातला पंच्याहत्तर दिवसवाला गट आता पोहण्याच्या तलावावर जाणार आहे असं कळलं. त्यांना मी एवढंच सुचवलंय की पन्नास मीटरचा तलाव गाठा, पायांत फ्लोट अडकवा म्हणजे पाय मारता येणार नाहीत, आणि फक्त हातांवर एक लांबी जाऊन घड्याळ बघा. ३७.३३ आलं तर कळवा :)